पिवळा पडलेला हेडलाइट घरी कसा साफ करावा, आणि गोव्यात कधी

एक मग पाणी घ्या आणि गाडीच्या हेडलाइटवर ओता. काच ओली आहे तोवर नीट बघा. धुरकटपणा नाहीसा होऊन आतली चकचकीत वाटी आणि बल्ब स्पष्ट दिसला, आणि पाणी सुकताच पुन्हा मळभ आलं, तर काम घरी होण्यासारखं आहे. ओली असतानाही काच तितकीच आंधळी राहिली तर दोष आत आहे, किंवा काचेच्या पोटात बारीक तडे गेलेत. मग बाहेरून कितीही घासा, हात दुखण्यापलीकडे काही पदरात पडत नाही.

ही एका मिनिटाची चाचणी मला आधी कुणी सांगितली असती तर बल्बच्या एका जोडीचे पैसे वाचले असते. बेळगावहून चोर्ला घाटाने रात्री परतत होतो, जुलैचा पाऊस. समोरचा रस्ता दिसेना. दिसत होती ती गाडीच्या नाकापुढे लोंबणारी एक पिवळट चादर. मला वाटलं बल्ब म्हातारे झाले. दुसऱ्या दिवशी डिचोलीत नवे घातले, रात्री गाडी बाहेर काढली, तर चादर तीच. बल्ब बिचारे व्यवस्थित जळत होते, उजेड काचेतच अडकत होता.

पाणी ओतल्यावर काच का उजळते हे एकदा समजून घ्या, पुढचं सगळं काम त्यावरच आहे. धुरकट काचेचा वरचा थर खडबडीत झालेला असतो. उजेड तिथे सरळ पार न होता चारी दिशांना विखुरतो. पाणी त्या खड्ड्यांत भरतं, पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो आणि उजेड सरळ जातो. आपल्याला हेच करायचंय, फक्त पाण्याशिवाय: खडबडीत थर काढायचा, खालचा भाग गुळगुळीत करायचा आणि त्यावर नवं संरक्षण चढवायचं. विखुरलेल्या उजेडाचा त्रास समोरून येणाऱ्यालाही होतो बरं का. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि त्याच्या डोळ्यांवर मात्र झगझगाट.

काच म्हणतो, पण काच नव्हे

अॅम्बॅसेडर, पद्मिनी यांचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते. ते फुटायचे, पिवळे पडत नसत. आताच्या गाड्यांच्या दिव्यांवर असतं ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. हलकं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. त्याचे दोन दुर्गुण: त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक, पारदर्शक थर चढवलेला असतो. नव्या गाडीचे दिवे आरशासारखे दिसतात ते या थरामुळे. पाच-सात वर्षांत ऊन हा थर खाऊन टाकतं. आधी तो धूसर होतो, मग पापुद्रे सुटतात, आणि उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर पिवळेपणा येतो.

जुनी गाडी असेल तर नखाने टिचकी मारून बघा. काचेचा आवाज टणक, बारीक येतो, प्लास्टिकचा बोथट. खरी काच असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. ती साबणाने धुवा, पॉलिश पेपर लावू नका.

ऊन हाच मुख्य गुन्हेगार. माझ्या गाडीचा डावा दिवा उजव्यापेक्षा दुप्पट पिवळा होता, आणि कारण घराच्या दारातच सापडलं. पोर्चचा पत्रा आखूड, गाडीचं नाक बाहेर राहतं, दुपारनंतरचं ऊन नेमकं डाव्या कोपऱ्यावर. तुमच्याही गाडीचा एक दिवा जास्त खराब असेल तर गाडी कुठे आणि कशी उभी असते ते आठवून बघा.

उन्हाच्या जोडीला आपल्याकडे लाल धूळ आहे. डिचोली, सत्तरीकडच्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी निघताना कोरड्या फडक्याने ती धूळ पुसायची सवय घराघरात असते. त्या धुळीत बारीक कण असतात. कोरडं फडकं म्हणजे फुकटचा पॉलिश पेपर. रोज थोडा थोडा कडक थर आपणच खरवडत असतो. आधी पाणी, मग फडकं.

टूथपेस्ट आणि इतर उपाय

माझा भाचा म्हणाला, "मामा, टूथपेस्ट लाव ना, मोबाइलवर बघितलंय मी." लावली. खोटं कशाला बोलू, फरक पडला. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती वरचा मळकट थर थोडा खरवडते. पण तिच्याने कडक थराचे पापुद्रे निघत नाहीत, आणि मागे संरक्षण काहीच उरत नाही. दीड महिन्यात पुन्हा जैसे थे. उद्या गाडी दाखवायची असेल, विकायची असेल तर चालेल.

डास पळवायच्या स्प्रेचा प्रयोग मात्र करू नका. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं, म्हणून क्षणभर चमक येते. नंतर काच चिकट होते, धूळ पकडते आणि आधीपेक्षा वाईट दिसते. थिनर, अॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर हेही दूर ठेवा. पॉलिकार्बोनेटला अॅसिटोन लागलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे येतात, आणि ते कुठल्याच पेपरने निघत नाहीत.

रस्त्याकडेला बसून दहा मिनिटांत दिवे चमकवून देणारेही भेटतात. मी एकदा करून घेतले. चमकले, अगदी नव्यासारखे. त्याने पेपर मारला, पॉलिश लावलं, पैसे घेतले. वर काय चढवलं असं विचारायचं मला सुचलं नाही, कारण चढवायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. उरलासुरला कारखान्याचा थर त्याने काढून टाकला होता आणि प्लास्टिक उघडं सोडलं होतं. चार महिन्यांत दिवे आधीपेक्षा पिवळे. घासणं हे अर्धंच काम आहे, आणि ते सोपं अर्धं.

दिवस कुठला निवडायचा

परदेशातल्या व्हिडिओंत ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि गोव्यात सगळ्यात महत्त्वाची हीच. शेवटचा संरक्षक थर सुकताना हवेत दमटपणा जास्त असेल तर त्यावर दुधाळ साय धरते किंवा तो नीट धरतच नाही. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. एप्रिल-मेमध्ये फारसा पाऊस नसतो, पण हवा चिकट आणि काच तव्यासारखी तापलेली; लावलेलं पुसायच्या आत सुकतं आणि रेघा राहतात. माझ्या अनुभवाने दिवाळी ते शिगमो (होळीच्या सुमाराचा आपला सण) हे आपले महिने.

त्यातही सकाळ. पण फार पहाटे नको, डिसेंबर-जानेवारीत गाडीवर दव असतं. नऊ-साडेनऊला दव उडालं की सुरुवात करा आणि लेप बारा वाजायच्या आत चढवून मोकळे व्हा. दुपारी समुद्राकडचं वारं सुटतं, त्याबरोबर धूळ येते आणि ओल्या थरावर बसते. जागा सावलीची हवी, पण झाडाखालची नको. काजूच्या मोहोराचा कचरा आणि पक्ष्यांची कृपा, दोन्ही माझ्या वाट्याला येऊन गेल्यात.

पावसाळ्यातच अगदी दिसेनासं झालं तर? तर घासून, पॉलिश करून वर गाडीचं मेण लावा, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावत राहा, आणि पक्कं काम नोव्हेंबरवर टाका.

सामान

वॉटर पेपर मागा, लाकडाचा सँडपेपर नाही. हा काळा किंवा करडा असतो आणि पाण्यात भिजवून वापरतात. नंबर जितका मोठा तितका पेपर मऊ. ८००, १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३०००, प्रत्येकी एक शीट. साध्या हार्डवेअरमध्ये १००० पर्यंत सहज मिळतो, त्यापुढचे गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात. एका शीटला भाजी-पावाइतकेही पैसे पडत नाहीत, तेव्हा मधला नंबर वाचवायच्या भानगडीत पडू नका.

याशिवाय मास्किंग टेप (कागदी, पिवळसर असतो तो; तपकिरी पॅकिंग टेप नको, त्याचा चिकटा रंगावर राहतो), रबिंग कंपाउंड (बारीक ओरखडे घासून काढणारी पेस्ट) आणि त्याहून बारीक पॉलिश, दोन-तीन मायक्रोफायबरची फडकी, पाण्याची स्प्रे बाटली, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे हमखास असतं. ड्रिल मशीन आणि त्याला लागणारं फोमचं पॅड असेल तर उत्तम, नसेल तर हाताने होतं. फक्त दंड भरून येतात.

आणि संरक्षक लेप. तो कुठला, ते पुढे सांगतो, पण तो हातात आल्याशिवाय पेपर मारायला सुरुवात करू नका.

धुणं आणि टेप

दिवा आणि भोवतालचा बोनेट, बंपर, मडगार्ड गाडीच्या शॅम्पूने धुवा. काचेच्या कडांच्या फटीत लाल माती बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशने काढा. तिथला एक कण पेपरखाली आला की काचेवर खोल चर पडतो, आणि तो काढायला सगळं पहिल्यापासून.

कोरडं झालं की दिव्याभोवती टेप लावा. एकावर एक तीन थर, आणि कडेला अगदी चिकटून. मी पहिल्या वेळी एकच थर लावला होता. काचेच्या कोपऱ्यात हात जोरात फिरला, टेप कधी फाटला कळलं नाही, आणि बोनेटच्या कडेवर रुपयाच्या नाण्याएवढा रंग निस्तेज झाला. तो डाग अजून आहे. बघणाऱ्याला दिसत नाही, मला रोज दिसतो.

घासणं

पेपरचे तळहाताएवढे तुकडे करून साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजू द्या. भिजलेला पेपर मऊ पडतो, कडा टोचत नाहीत.

कुठल्या नंबरपासून सुरू करायचं हे काच ठरवते. नुसती धुरकट असेल, हाताला गुळगुळीत लागत असेल तर १००० पासून. पापुद्रे सुटलेले असतील, जुन्या भिंतीच्या चुन्यासारखा नकाशा उमटला असेल तर ८०० पासून, कारण उरलेला सगळा थर काढावाच लागतो. अर्धा ठेवून चालत नाही.

काच ओली करा, पेपर ओला करा. पेपर बोटांच्या टोकांनी दाबू नका, चार बोटं सपाट ठेवा, नाहीतर बोटांएवढे चर पडतात. फोमचा छोटा तुकडा मध्ये धरला तर अधिक बरं. आता आडवा हात मारा, डावीकडून उजवीकडे, एकसारखा. गोल गोल नको.

आता पाण्याकडे लक्ष ठेवा. पहिले दोन-चार हात काहीच होत नाही असं वाटतं, पेपर नुसता घसरतो. मग अचानक तो धरायला लागतो, आवाज बदलतो, आणि काचेवरून हळदीच्या दुधासारखं पिवळट पाणी बंपरवर ओघळतं. ते जळलेलं प्लास्टिक आणि मेलेला थर. दर दोन मिनिटांनी पाणी मारून धुवा, पुन्हा घासा. हळूहळू ओघळ फिका होत जातो आणि शेवटी नुसता पांढरा येतो. पांढरा म्हणजे खालचं निरोगी प्लास्टिक लागलं. पिवळं पाणी येतंय तोवर पुढच्या नंबरवर जायचं नाही.

पांढरं आलं की फडक्याने पूर्ण कोरडं करा आणि तिरक्या उजेडात बघा. सगळी काच एकसारखी, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखी दुधाळ दिसायला हवी. मध्ये कुठे चकचकीत बेटं दिसली तर तिथे जुना थर अजून शिल्लक आहे. परत त्याच नंबरने तिथे हात मारा. नवख्या माणसाचा धीर इथे सुटतो. आधी जरा तरी दिसत होतं, आता तर पार मोतीबिंदू! माझ्या बायकोने खिडकीतून बघून विचारलंच, "अहो, नवीन दिवा किती रुपयांना येतो?" तो दुधाळपणा हवाच आहे. काच ओली करून बघा, जीव भांड्यात पडेल.

पुढचा नंबर, आणि आता दिशा बदला. १००० आडवा मारला असेल तर १५०० उभा मारा. यात एक सोय आहे: आधीच्या पेपरच्या आडव्या रेघा उभ्या रेघांत स्पष्ट दिसतात. सगळ्या आडव्या रेघा गेल्या म्हणजे १५०० चं काम संपलं. मग २००० पुन्हा आडवा, ३००० उभा. प्रत्येक वेळी नवं पाणी, आणि काच धुऊन मगच पुढचा पेपर. १००० चा एखादा कण २००० च्या कामात शिरला की झालं.

नंबर गाळायचा मोह होतो. मी एकदा १००० वरून थेट कंपाउंडवर उडी मारली. दिवसा छान दिसलं. रात्री दिवे लावले तर काचेत वाघाचे पट्टे.

एका दिव्याला हाताने पाऊण ते एक तास धरा. दुसऱ्या दिव्याला कमी लागतो, कारण तोवर हाताला कळलेलं असतं.

पॉलिश

२००० किंवा ३००० नंतर काच बरीच पारदर्शक झालेली असते, वर हलकं धुकं. त्यावर कंपाउंडचे वाटाण्याएवढे चार ठिपके ठेवून पॅडने पसरवा. हाताने करत असाल तर जोर लावून, छोट्या भागात. ड्रिलने करत असाल तर सगळ्यात कमी वेग, पॅड सपाट, आणि एका जागी थांबायचं नाही. पॉलिकार्बोनेट तापलं की मऊ पडतं आणि पॅड तिथे कायमचा मातकट डाग उठवतो. दर अर्ध्या मिनिटाने काचेला उलटा हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. मग फडकं बदलून बारीक पॉलिश.

या टप्प्यावर दिवा नव्यासारखा दिसतो, आणि बहुतेक लोक इथेच थांबून फोटो काढतात. फोटो काढा, पण थांबू नका. आत्ता तुमच्या गाडीचं प्लास्टिक संपूर्ण उघडं आहे.

वर काय चढवायचं

पॉलिशमध्ये तेल असतं, आणि तेलावर काही टिकत नाही. म्हणून आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काच दोनदा पुसा, दुसऱ्या वेळी कोऱ्या फडक्याने. यानंतर काचेला बोट लावायचं नाही.

मेण किंवा सीलंट हा सगळ्यात सोपा उपाय आणि सगळ्यात अल्पायुषी. काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. दर धुण्यानंतर न चुकता लावणारा शिस्तीचा माणूस असाल तर पुरतो. मी नाही.

हेडलाइटसाठी मिळणारा पुसून लावायचा यूव्ही लेप, म्हणजे अतिनील किरण अडवणारा, मला घरकामाला सगळ्यात बरा वाटतो. छोटी बाटली आणि सोबत फडकं येतं. फडक्याची घडी घालून ओली करा, काचेच्या वरच्या कडेपासून सुरू करून एका दिशेने एक पट्टा ओढा, मग त्याला थोडा चढवून खालचा पट्टा. एकदा ओढलेल्या पट्ट्यावर परत जायचं नाही. एखादी जागा सुटली तर सुटू द्या. ती बुजवायला गेलात की अर्धवट सुकलेला थर ओढला जातो आणि गोगलगाय फिरल्यासारखी खूण राहते. बाटलीवर दुसरा थर सांगितला असेल तर तिथे लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग लावा. त्यानंतर २४ तास गाडीला पाणी लागू द्यायचं नाही, दवसुद्धा. रात्री गाडी आत घ्या. आत जागा नसेल तर दिव्यावर कापड टाकू नका, चिकटेल. पोर्चखाली नाक आत करून लावा.

दोन भागांची क्लिअर, म्हणजे रंगकाम करणारे हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) घालून मारतात ती पारदर्शक लॅकर, सगळ्यात टिकाऊ. वर्षानुवर्षं राहते. पण तिच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. घरच्या पोर्चमध्ये, पोरंबाळं फिरत असताना हे करायचं काम नाही. मी गाडी घरी १००० पर्यंत घासून जवळच्या टिंकरिंग-पेंटिंगवाल्याकडे नेतो आणि फक्त क्लिअर मारून घेतो. हो, पॉलिश करायचं नाही. क्लिअरला धरायला थोडा खरखरीतपणा लागतो आणि बारीक रेघा ती स्वतःच भरून काढते. हे त्याला आधी बोलून घ्या. हार्डवेअरमध्ये मिळणारा साधा क्लिअर स्प्रे मात्र नको. तो उन्हापुढे टिकत नाही, पापुद्रे काढतो, आणि ते पुन्हा घासून काढणं हा वेगळाच वनवास.

गाडीच्या रंगावर लावतात ती पारदर्शक संरक्षक फिल्मही पॉलिश केलेल्या दिव्यावर लावता येते. कार डेकोरच्या दुकानातून लावून घ्या, वक्र काचेवर घरी लावताना हमखास बुडबुडे राहतात. काळसर किंवा रंगीत फिल्म लावायला सांगतील, तिला नाही म्हणा. उजेड वाढवायला आलो होतो ना आपण?

स्कूटरवाल्यांसाठी

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत जळतो, त्यामुळे बंद करून विसरायची सोय नाही आणि धुरकट काच रोज दिसते. पद्धत तीच, पण काच लहान, वळणदार, आणि लगेच शेजारी रंगीत पॅनेल. टेप आणखी काळजीने लावा, पेपरचे तुकडे दोन बोटांएवढे करा. मागचा दिवा आणि इंडिकेटरही याच पद्धतीने उजळतात. हेल्मेटच्या काचेवर मात्र हा प्रयोग करू नका. तीही बहुधा पॉलिकार्बोनेटचीच असते, पण तिच्यातून तुम्ही थेट बघता. जरा वेडीवाकडी घासली गेली की समोरचं दृश्य पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. ती नवी घ्या.

घासून न सुटणारे दोष

काचेच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसत असतील तर ते घासण्याचं काम नव्हे. पावसात थोडं धुकं धरून दिवे लावल्यावर विरत असेल तर चिंता नको. दिव्याला हवा खेळायला छोटी भोकं असतात, त्यातून दमट हवा जाते. पण आत पाणी साचत असेल तर मागचं रबरी झाकण नीट बसलंय का बघा. बल्ब बदलताना ते अर्धवट बसवलेलं असणं हे नेहमीचं कारण, माझ्याही गाडीत तेच निघालं. झाकण ठीक असेल तर कडेचं सील गेलंय.

आतली चकचकीत वाटी काळी किंवा पांढुरकी पडली असेल तर काच हिऱ्यासारखी केली तरी उजेड वाढणार नाही. तिथे दिवाच बदला. आणि उजेड कमी म्हणून ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. होल्डर जळतो, वायर तापते, आणि त्या उष्णतेने आतली वाटीही खराब होते.

दिवा बदलायची वेळ आली तर शक्यतो जोडीने बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर उजेडातला फरक रात्री जाणवतो. आणि नवा दिवा बसवला त्याच आठवड्यात त्याच्यावर फिल्म किंवा लेप चढवून टाका, कारखान्याचा थर अजून शाबूत आहे तोवर.